लहान मुलांचा डोस कसा काढायचा: पेडिया वॉर्डात नवीन लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालं, काउन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं, जॉइनिंगचं पत्र आलं आणि ड्युटी लागली ती थेट पेडियात. माझं असंच झालं होतं. मेडिसिन वॉर्डात शिकताना एक वायल म्हणजे एक डोस, एक गोळी म्हणजे एक डोस अशी हाताला सवय लागलेली, आणि इथे पहिल्याच दिवशी ट्रीटमेंट शीटवर "४२० एमजी बीडी" (बीडी म्हणजे दिवसातून दोनदा) लिहिलेलं, वायल ५०० ची, आता हे चारशे वीस मोजायचं कुठे? खरं सांगते, मी चेंजिंग रूममध्ये जाऊन मोबाईलवर शोधलं होतं, कारण इनचार्ज सिस्टरना विचारायची भीती वाटत होती. त्या भीतीचं पुढे काय झालं तेही सांगते, पण आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका की हे गणित अवघड आहे. गुणाकार आणि भागाकार, बस. मी इतक्या वर्षांत ज्या चुका पाहिल्या (स्वतःच्या धरून) त्यातल्या फार थोड्या गणितातल्या होत्या. बाकी सगळ्या वाचण्यातल्या. ऑर्डर नीट वाचली नाही, लेबल नीट वाचलं नाही, वजन कालचं होतं.

इथले आकडे गणित कळावं म्हणून घेतलेत. पेशंटला देताना डॉक्टरांची ऑर्डर आणि तुमच्या वॉर्डाचा प्रोटोकॉल हेच खरं. आणि २८ दिवसांच्या आतल्या बाळाचे डोस आणि दोन डोसमधलं अंतर वेगळं असतं, त्यांची किडनी-लिव्हर अजून तयार नसते, त्यामुळे एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या आयसीयूत) त्यांचाच चार्ट वापरायचा, इथलं काही तिकडे लावायचं नाही. कोणी आईबाबा हे वाचत असतील तर घरी हा हिशेब करून औषध देऊ नका, प्लीज.

हाताशी काय हवं

- चालू वजनकाटा, बाळाचा वेगळा आणि उभं राहायचा वेगळा
- ट्रीटमेंट शीट आणि इंडोर पेपर, दोन्ही (एकावरून दुसऱ्यावर उतरवताना चूक होते, म्हणून दोन्ही)
- कॅल्क्युलेटर. मोबाईलचा चालतो. तोंडी हिशेब करून शायनिंग मारायची गरज नाही
- १ सीसीची (सीसी म्हणजे एमएलच) ट्युबरक्युलिन सिरिंज, शिवाय २, ५, १० सीसी. तोंडातून द्यायच्या औषधाला सुई न बसणारी ओरल सिरिंज मिळाली तर फारच छान
- मार्कर आणि चिकटपट्टी, लोड केलेल्या सिरिंजवर नाव लिहायला
- सेकंदकाटा असलेलं घड्याळ
- औषधांचं पुस्तक किंवा इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची ड्रग फॉर्म्युलरी
- खिशात मावेल अशी डायरी. तुमच्या वॉर्डात रोज लागणारी वीस-पंचवीस औषधं, त्यांचा किलोमागे डोस, कमाल डोस आणि कशात डायल्यूट करायचं, एवढं स्वतःच्या हाताने लिहून ठेवा आणि सिनियरकडून एकदा तपासून घ्या

१. वजन: आजचं, किलोत आणि तुम्ही स्वतः केलेलं

सगळा हिशेब वजनावर उभा आहे, आणि तेच आपण सगळ्यात कमी गांभीर्याने घेतो. अ‍ॅडमिशनच्या गडबडीत आई म्हणते "आठ-साडेआठ असेल" आणि कोणीतरी ८.५ लिहून टाकतं. पुढचे चार दिवस तेच वजन चालतं. असं नको. काटा शून्यावर आणा, स्वेटर, टोपरं, ओला लंगोट काढा, हाताला स्प्लिंट बांधलेली असेल तर तिचं वजन वजा करा. तान्ह्या बाळांचं वजन रोज करा. जुलाबाने सुकलेलं मूल सलाईन लागल्यावर दुसऱ्या दिवशी वेगळं भरतं, आणि किडनीच्या आजाराने सुजलेल्या मुलाचं वजन फसवं असतं, तिथे डोस कुठल्या वजनावर काढायचा हे डॉक्टरांना विचारायचं.

आता आपल्याकडचे खास घोटाळे. एक, "एक किलो पन्नास ग्रॅम". हे १.०५० आहे, १.५० नाही. प्रीमॅच्युअर बाळाच्या बाबतीत हा फरक जवळजवळ दीडपट डोसचा होतो. म्हणून नवजात बाळाचं वजन ग्रॅममध्येच लिहा, १०५० ग्रॅम, पॉइंटची भानगडच नको. दोन, पावणेतीन, सव्वादोन, अडीच. आपल्याला हे पाळण्यातच कळतं पण माझ्याबरोबर केरळच्या दोन सिस्टर होत्या, मराठी फर्मास बोलायच्या, तरी "पावणेतीन" ऐकलं की एकमेकींकडे बघायच्या. ओव्हर देताना (पुढच्या ड्युटीला पेशंटची माहिती सांगताना) "दोन पॉइंट सात पाच" असंच म्हणा. तीन, मराठी आकडे. मी इथे मराठीत लिहितेय, ठीक आहे, पण वॉर्डात केस पेपरवर इंग्रजी आकडेच लिहा. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा. अंगणवाडीच्या कार्डावरून वजन उतरवताना हे आठवा, किंवा उतरवूच नका, काट्यावर ठेवा.

इमर्जन्सीत वजन करायला वेळच नसेल तर १ ते ६ वर्षांच्या मुलासाठी (वय × २) + ८ हा अंदाज चालतो, म्हणजे तीन वर्षांचं मूल साधारण १४ किलो. मूल सावरलं की खरं वजन करायचं आणि अंदाजाचा आकडा खोडायचा.

अजून एक नजरेचा अंदाज ठेवा. जन्माचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. सहा महिन्यांच्या बाळाच्या पेपरवर १६ किलो दिसलं की काहीतरी गडबड आहे एवढं तरी खटकायला हवं.

२. ऑर्डर शेवटच्या शब्दापर्यंत वाचा

पुस्तकात किंवा ऑर्डरमध्ये डोस दोन तऱ्हेने येतो. "पर केजी पर डे" आणि "पर केजी पर डोस". या शेवटच्या एका शब्दात सगळं आहे. उदाहरण घेऊ. बाळ ८.४ किलो, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन १०० एमजी पर केजी पर डे, दोन डोसमध्ये विभागून. दिवसाचे झाले ८४०, एका वेळेचे ४२०. (हेच ते माझे पहिल्या दिवसाचे चारशे वीस.) कोणी "पर डे" वाचलं नाही तर ८४० सकाळी आणि ८४० रात्री, बरोबर दुप्पट. उलटंही होतं, पर डोस असलेलं औषध पर डे समजून चार भाग केले की बाळाला पाव डोस जातो, ताप उतरत नाही, आणि सगळे म्हणतात अँटिबायोटिक बदला.

ऑर्डरमध्ये काय काय असायला हवं: औषधाचं नाव, एमजीमध्ये डोस, कोणत्या मार्गाने, किती वेळा. "१ सीसी आयव्ही" एवढीच ऑर्डर असेल तर घेऊ नका, किती एमजी ते लिहून मागा. ".५" लिहिलेलं असेल तर पॉइंट दिसला नाही की ५ होतो, म्हणून पॉइंटच्या आधी शून्य हवंच, ०.५. आणि "५.०" लिहिलं की ते ५० वाचलं जातं, म्हणून पॉइंटनंतर फुकटचं शून्य नको. हे डॉक्टरांनी पाळायला हवं, पण तुम्ही शीटवर उतरवताना तरी पाळा. मायक्रोग्रॅम असेल तर पूर्ण शब्द लिहा, कारण एमजी आणि एमसीजीमध्ये हजारपटीचा फरक आहे आणि घाईच्या अक्षरात तो एका अक्षरावर लटकलेला असतो.

फोनवरची ऑर्डर फक्त इमर्जन्सीत. तीही लिहून घ्या, वाचून दाखवा आणि नंतर सही घ्या. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं. "वन फाइव्ह ना सर?" असं विचारायचं.

आणि विचारायला लाजायचं नाही. रात्री अडीचला रेसिडेंट डॉक्टर वैतागतात, वैतागू देत. आधी त्यांच्यावरच खापर फोडायचा मोह होतो पण ३६ तास जागा असलेला माणूसही चुकतो, म्हणून तर साखळीत आपण आहोत.

३. एमजी काढा आणि कमाल डोसला लावून बघा

वजन × किलोमागे डोस = एमजी. एवढंच. पण हा आकडा मोठ्या माणसाच्या डोसपेक्षा जास्त येता कामा नये. आजकाल बारा वर्षांचं ७५ किलोचं मूलही अ‍ॅडमिट होतं. पॅरासिटामॉल १५ एमजी पर केजी धरलं तर ११२५ एमजी येतं, आणि मोठ्या माणसालाही एका वेळी १००० च्या वर देत नाही. मग गुणाकार गेला खड्ड्यात, कमाल डोस तोच डोस.

यंग्ज रूल, क्लार्क्स रूल, फ्राइड्स रूल हे परीक्षेत येतात, स्टाफ नर्सच्या भरतीत हमखास एक मार्क असतो, त्यासाठी पाठ करा. वॉर्डात वापरू नका. यंग्ज आणि फ्राइड्स वयावरून, क्लार्क्स वजनावरून, पण तिन्ही मोठ्या माणसाच्या डोसवरून काढायचे जुने अंदाज आहेत, आणि एकाच वयाचं कुपोषित मूल आणि गुटगुटीत मूल यांच्यात किती फरक असतो हे तुम्ही एका आठवड्यात बघाल. कॅन्सरच्या औषधांना वजनाऐवजी शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब लागतो (उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ), पण तो वॉर्ड वेगळा आणि तिथलं ट्रेनिंगही वेगळं.

४. वायल हातात घ्या, लेबल वाचा

या पायरीवर मी जरा जास्त बोलणार आहे.

नोकरीला लागून सात-आठ महिने झाले होते. नाइट ड्युटी, पाच किलोचं बाळ, अमिकॅसिन १५ एमजी पर केजी दिवसातून एकदा, म्हणजे ७५ एमजी. आमच्याकडे १०० एमजीची वायल यायची, २ एमएलमध्ये १००. म्हणजे ७५ ला दीड एमएल. तीन दिवस सगळ्या ड्युट्यांनी दीड एमएलच दिलं होतं आणि ओव्हरमध्येही "अमिकॅसिन दीड सीसी" असंच सांगितलं जायचं. चौथ्या रात्री स्टोअरमध्ये १०० ची वायल संपली होती आणि वॉर्डबॉय मामांनी ५०० ची आणून ट्रेमध्ये ठेवली. तीही २ एमएलचीच. तेवढीच बाटली, तसंच झाकण, त्याच कंपनीचा तोच रंग. मी दीड सीसी लोड केलं. ३७५ एमजी. पाचपट. हे औषध कानावर आणि किडनीवर जातं हे तुम्हाला शिकवलेलंच असेल.

इनचार्ज सिस्टर त्या दिवशी उशिरापर्यंत थांबल्या होत्या, इंडेंट (स्टोअरची मागणी) लिहीत होत्या. त्यांनी ट्रेमधली रिकामी वायल नुसती उचलली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अगं, हे वाचलंस का?" बास. सिरिंज माझ्या हातातच होती. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मग त्यांनी मला बसवून परत हिशेब करायला लावला, ५०० एमजी २ एमएलमध्ये, म्हणजे १ एमएलमध्ये २५०, ७५ ला ०.३ एमएल. दीड कुठे आणि पॉइंट तीन कुठे.

त्या दिवसापासून मी तीन नियम पाळते. एक, ओव्हर एमजीमध्ये देते आणि घेते, सीसीमध्ये नाही. दोन, लेबल तीनदा वाचते: ट्रेमधून उचलताना, लोड करताना, रिकामी वायल टाकताना. तीन, रिकामी वायल औषध देऊन होईपर्यंत सिरिंजबरोबरच ठेवते. सोपं आहे, पण नाइटला पहाटे चार वाजता तेवढंच वाचवतं.

लेबलवरचे आणखी काही सापळे, जे मला कोणी आधी सांगितले असते तर बरं झालं असतं:

- मिडाझोलम १ एमजी पर एमएल पण मिळतं आणि ५ एमजी पर एमएल पण. कुठलं आलंय ते दर वेळी बघा.
- अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडच्या सिरपवर २२८.५ लिहिलेलं असतं. त्यातलं अमॉक्सिसिलिन २०० आणि बाकीचं २८.५ क्लॅव्हुलॅनिक. तोंडी डोस बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिनवर काढतात, मग ५ एमएलला २०० धरायचं, २२८.५ नाही. इंजेक्शनची ३०० ची वायल म्हणजे २५० अधिक ५०. ऑर्डर एकूण डोसची आहे का नुसत्या अमॉक्सिसिलिनची हे विचारूनच घ्या.
- पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमचंही तसंच, साडेचार ग्रॅममधलं पिपरासिलिन ४ ग्रॅम.
- इन्सुलिनची वायल आपल्याकडे ४० युनिट पर एमएल पण असते आणि १०० पण. सिरिंजही दोन, लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची. वायल आणि सिरिंजची जोडी जुळायलाच हवी, नाहीतर अडीचपट चूक ठरलेली. आणि इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये दुसरं औषध मोजू नका, त्यावर युनिटच्या रेघा असतात, एमएलच्या नाही. त्यासाठी ट्युबरक्युलिन.

५. एमजीचे एमएल करा

हवे असलेले एमजी ÷ बाटलीतले एमजी × बाटलीतले एमएल. फॉर्म्युला विसरलात तरी हरकत नाही, आधी १ एमएलमध्ये किती एमजी ते काढायचं आणि मग भागायचं. मला हीच पद्धत आवडते, कारण डोळ्यांसमोर औषध दिसतं.

आठ किलोचं मूल, ताप, पॅरासिटामॉल १५ एमजी पर केजी, म्हणजे १२० एमजी. आता कपाटात तीन बाटल्या आहेत.

पहिली, सिरप १२० एमजी ५ एमएलमध्ये. द्यायचं ५ एमएल.
दुसरी, सिरप २५० एमजी ५ एमएलमध्ये. १ एमएलमध्ये ५०, म्हणून २.४ एमएल.
तिसरी, ड्रॉप्स १०० एमजी १ एमएलमध्ये. द्यायचं १.२ एमएल.

मूल एक, ताप एक, औषध एक आणि उत्तरं तीन. लोकांना वाटतं ड्रॉप्स बाळाचे म्हणजे सौम्य. उलट आहे, ड्रॉप्स १२० च्या सिरपच्या चौपट कडक असतात, कारण तान्ह्याच्या तोंडात ५ एमएल मावत नाही. "पाच एमएल द्या" एवढंच लक्षात ठेवून कोणी ड्रॉप्सचे पाच एमएल दिले तर ५०० एमजी गेलं, किलोमागे साठाच्या वर, म्हणजे अख्ख्या दिवसाचा कोटा एका घोटात. म्हणून ओपीडीतल्या आईला "ताप आला की पाच एमएल" असं कधी सांगू नका. बाटली बघून सांगा.

उत्तर आलं की एक सेकंद थांबून बघा, शहाणपणाचं वाटतंय का. बाळाच्या एका डोसला तीन-तीन वायल फोडाव्या लागतायत? थांबा. मांडीत द्यायचं इंजेक्शन ३ एमएल आलंय आणि बाळ सहा महिन्यांचं आहे? थांबा, तेवढ्या मांडीत एका जागी १ एमएलच्या वर जातच नाही. पॉइंट एक घर सरकला की दहापट होतं, आणि कॅल्क्युलेटरला लाज नसते, तो काहीही उत्तर देतो.

६. पावडरची वायल आणि मुंगीएवढे डोस

सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन ५०० च्या वायलमध्ये ५ एमएल पाणी घातलं तर एकूण ५ एमएल होत नाही, थोडं जास्त भरतं, कारण पावडरही जागा खाते. मोठ्यांना अख्खी वायल जाते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. आपण वायलमधला तुकडा काढतो, म्हणून आपल्याला फरक पडतो. मी आधी ४ एमएल डिस्टिल्ड वॉटर घालून विरघळवते, सगळं सिरिंजमध्ये ओढते आणि मग एकूण ५ एमएल करते. आता १ एमएलमध्ये १०० एमजी, ४२० ला ४.२ एमएल. उरलेलं पॉइंट आठ टाकून द्यायचं, किंवा वॉर्डात ठेवायची पद्धत असेल तर वेळ-तारीख-ताकद लिहून फ्रिजमध्ये. नुसतं "सेफ" लिहिलेली सिरिंज फ्रिजमध्ये दिसली तर सरळ फेकून द्या. आणि हो, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन आरएलबरोबर (रिंगर लॅक्टेट सलाईन) एका लाइनमधून सोडू नका, आरएलमध्ये कॅल्शियम असतं, दोन्ही मिळून खडे धरतात. नवजात बाळात तर कॅल्शियम चालू असेल तर हे औषधच नको.

छोट्या डोसचं बघा. अडीच किलोचं बाळ, झटके, फिनोबार्बिटोन २० एमजी पर केजी म्हणजे ५० एमजी. अँप्युल २०० एमजी पर एमएल. उत्तर ०.२५ एमएल. एवढंसं मोजताना एका रेघेची चूकही मोठी पडते. म्हणून १ एमएल औषध अधिक ९ एमएल एनएस (नॉर्मल सलाईन), एकूण १०, आता १ एमएलमध्ये २० एमजी आणि द्यायचं २.५ एमएल. मोजायलाही सोपं, हळूहळू द्यायलाही सोपं. फक्त एक करू नका: छोट्या सिरिंजमध्ये पॉइंट दोन औषध ओढून त्याच सिरिंजने वरून एनएस ओढू नका. सिरिंजच्या टोकात आणि सुईच्या मुळाशी जे औषध अडकलेलं असतं ते पण आत येतं आणि डोस वाढतो. औषध १ सीसीमध्ये मोजा, मग मोठ्या सिरिंजमधल्या एनएसमध्ये सोडा.

फेनिटॉइन फक्त एनएसमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की दुधासारखं होतं. एकदा बघितलंत की जन्मभर विसरणार नाही.

७. सलाईनचे थेंब

दिवसाचं सलाईन: पहिल्या १० किलोला किलोमागे १०० एमएल, पुढच्या १० ला ५०, त्यापुढे २०. हा हिशेब १९५७ पासून चालत आलाय. आपलं ८.४ किलोचं बाळ, ८४० एमएल दिवसाला, भागिले २४, ताशी ३५ एमएल. मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा १ एमएल होतो, त्यामुळे ताशी जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब: ३५. साध्या सेटला साधारण २० थेंबांचा १ एमएल (पाकिटावर बघा, १५ चे पण येतात), म्हणजे मिनिटाला फक्त १२ थेंब. मुलांना साधा सेट लावूच नका. मायक्रो ड्रिप असलेला बुरेट सेट (बाटलीखाली मापाची छोटी नळी असलेला) लावा आणि बुरेटमध्ये एका वेळी एक-दोन तासांचंच भरा. रात्री बाळाने पाय मारून क्लॅम्प सैल झाला तरी जाईल ते तेवढंच, अख्खी बाटली नाही.

८. ज्यांना एकट्याने हात लावायचा नाही

पोटॅशियम क्लोराईड. अँप्युल १० एमएलचं, १ एमएलमध्ये २ एमईक्यू (मिलीइक्विव्हॅलंट, पोटॅशियम मोजायचं एकक). डायरेक्ट कधीच नाही, हृदय बंद पडतं. ५०० एमएलच्या बाटलीत लिटरला २० एमईक्यू हवं असेल तर १० एमईक्यू म्हणजे ५ एमएल, आणि घातल्यावर बाटली चार-पाचदा उलटसुलट करा, नाहीतर ते खाली बसतं आणि आधी तेच जातं. त्या अँप्युलची जागा डिस्टिल्ड वॉटरच्या खोक्याशेजारी असेल तर आजच हलवा.

अ‍ॅड्रेनालिन. १ एमएलमध्ये १ एमजी. अ‍ॅलर्जीची जोरात रिअ‍ॅक्शन आली तर मांडीत ०.०१ एमएल पर केजी, दहा किलोला ०.१ एमएल, डायल्यूट न करता. सीपीआरमध्ये शिरेतून द्यायचं तेव्हा १ एमएलमध्ये ९ एनएस घालून, त्यातलं ०.१ एमएल पर केजी, दहा किलोला १ एमएल. औषध दोन्हीकडे ०.१ एमजीच जातं, पण गडबडीत बिनडायल्यूट केलेलं १ एमएल शिरेतून गेलं तर दहापट. क्रॅश कार्टवर (इमर्जन्सीच्या ट्रॉलीवर) हे लिहून चिकटवा.

डोपामिनसारखी औषधं सिरिंज पंपवर: वजन × ३ इतके एमजी एकूण ५० एमएलमध्ये, मग ताशी १ एमएल म्हणजे १ मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट. पण हे आधी सिनियरसोबत दहा वेळा करा.

९. दुसऱ्या सिस्टरकडून चेक, पण खराखुरा

"दीड सीसी बरोबर ना गं?" "हो हो." याला चेक म्हणत नाहीत. दुसऱ्या सिस्टरला आपलं उत्तर सांगायचंच नाही. तिला शीट आणि वायल द्या, तिने तिचं काढावं, मग दोन्ही उत्तरं जुळवा. अर्धा मिनिट जातो. रात्री दोघीच असाल तर किमान हाय अलर्ट औषधांना (चुकलं तर जिवावर बेतणाऱ्या) आणि १ एमएलच्या आतल्या डोसला हे कराच. लोड करताना कोणी नातेवाईक "सिस्टर, सलाईन संपलं" म्हणून हाका मारत असेल तर सिरिंज ठेवा, जाऊन या, आणि परत आल्यावर पहिल्यापासून मोजा. मधूनच नाही.

१०. चूक झालीच तर

लगेच सांगा. डॉक्टरांना, इनचार्जना. बाळाकडे बघा, श्वास, नाडी, शुद्ध. किती गेलं, किती वाजता, ते पेपरवर खरं लिहा, वायल फेकू नका. लपवलं तर उपाय करायचा वेळ जातो, कारण पॅरासिटामॉलसारखं औषध जास्त गेल्यावर मूल पहिले काही तास खेळत असतं आणि लिव्हरचं दुखणं नंतर दिसतं, उतारा मात्र लवकर द्यावा लागतो.

११. घरी पाठवताना

डिस्चार्जच्या कागदावर आपण "२.५ एमएल टीडीएस" (टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा) लिहितो आणि समजतो काम झालं. घरी चमचा असतो. पोह्याचा, साखरेच्या डब्यातला, लोणच्याचा. बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सिरिंजच वापरायची हे सांगा, आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत घालायचा नाही हेही. ड्राय सिरप असेल तर उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या बाणापर्यंत, हलवून, फेस बसल्यावर परत बाणापर्यंत. किती दिवसांत संपवायचं ते लेबलवर असतं, उरलेलं पुढच्या तापाला ठेवायचं नाही.

मी सिरिंजला लागेल त्या रेघेवर पांढरी चिकटपट्टी लावून देते आणि आईला माझ्यासमोर पाण्याने एकदा भरून दाखवायला लावते. परवा एका बाळाची आजी शेजारी बसून बघत होती, तिला लिहितावाचता येत नव्हतं. तिने सिरिंज हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "बाई, पट्टीच्या वरच्या कडंपत्तुर का खालच्या?" पट्टी चांगली पॉइंट चार एमएलएवढी रुंद होती. मी ती काढली आणि मार्करने एक बारीक रेघ मारून दिली.